संडे स्कूलच्या छोट्यांना (३ ते ६ वर्षं) हाताने करायला काय द्यायचं? रंगवायचे कागद आता पुरे झाले

शरणपूरची_ताई

सगळ्यांना सलाम. मी नाशिकचीच, शरणपूर रोडच्या बाजूला राहते. जूनपासून आमच्या चर्चमधल्या छोट्यांचा वर्ग माझ्या गळ्यात पडलाय, आधीच्या ताईंच्या मिस्टरांची बदली झाली आणि पाळकसाहेबांनी उपासनेनंतर सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं, मग नाही कसं म्हणणार. अकरा मुलं आहेत, सगळ्यात छोटा सव्वातीन वर्षांचा आणि दोघी सहा पूर्ण.

आतापर्यंत काय चालायचं तर टाळ्या वाजवून दोन गाणी, प्रार्थना, एक वचन घोकायचं, गोष्ट, आणि मग झेरॉक्स काढलेलं चित्र रंगवायचं. मागच्या रविवारी नोहाच्या तारवाचं चित्र दिलं, वीस मिनिटं सगळे शांत, मला वाटलं वा काय छान चाललंय. शेवटी एकीला विचारलं आज गोष्ट कशाची होती गं, तर म्हणाली "खडूची". जांभळा खडू एकच होता ना, त्यावरून दोघांची भांडणं झाली होती, तेवढंच तिच्या लक्षात राहिलं. घरी येऊन मी नवऱ्याला सांगून हसले खरी पण रात्री झोप नाही लागली.

मला असं काहीतरी हवंय की मुलांच्या हातात वस्तू असेल आणि ती वस्तूच गोष्ट सांगेल. मेंढपाळ, मोहरीचा दाणा, प्रभुभोजनाचं टेबल वगैरे. कुणीतरी सांगितलं बाहेरच्या देशात माँटेसरी पद्धतीने असं शिकवतात म्हणून. इथे कुणी केलंय का? अडचणी तीन. एक, हॉल आमचा एकट्यांचा नाही, साडेअकराला महिला मंडळ येतं, म्हणजे सगळं मांडून परत उचलायचं. दोन, कमिटीने दोन हजार दिलेत, वर्षाला. तीन, मला स्वतःला यातलं काही येत नाही, मी बँकेत असते.

बालवाडीवाली

ताई आधी त्या खडूच्या पोरीला माझ्यातर्फे एक जांभळा खडू द्या, खरं बोलली ती.

मी गंगापूर रोडला चौदा वर्षं बालवाडी चालवतेय, माँटेसरीचा कोर्स केलेला आहे, आणि तुम्ही म्हणताय ती पद्धत मी थोडीफार शिकलेय. तिला उत्तम मेंढपाळाचं धर्मशिक्षण म्हणतात. सुरुवात रोममध्ये १९५४ साली झाली, सोफिया कावाल्लेत्ती नावाच्या बाई होत्या, हिब्रू आणि बायबलच्या अभ्यासक, लहान मुलांशी त्यांचा काही संबंध नव्हता. कुणीतरी आपल्या मुलाला बायबल शिकवा म्हणून मागे लागलं, त्यांनी नाइलाजाने घेतलं, आणि वेळ संपल्यावर पोरगा निघायलाच तयार नाही, डोळ्यांत पाणी. मग जान्ना गोब्बी या माँटेसरीच्या बाई त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे दोघींनी कित्येक वर्षं एकच काम केलं, साधन बनवायचं, मुलांपुढे ठेवायचं, मुलं परत परत ज्याकडे वळतात ते ठेवायचं आणि ज्याला हात लावत नाहीत ते कितीही सुंदर असलं तरी काढून टाकायचं. मला यातलं हेच सगळ्यात पटतं. आपण उलट करतो, आपल्याला आवडलेलं मुलांवर लादतो.

मूळ कल्पना मात्र खुद्द मारिया माँटेसरींची, त्यांनी १९१५ च्या सुमारास बार्सिलोनात मुलांसाठी अशी खोली केली होती, लहान वेदी, लहान खुर्च्या, सगळं मुलांच्या मापाचं. त्या खोलीला एट्रियम म्हणतात. जुन्या काळी चर्चच्या पुढच्या ज्या अंगणात नवशिके लोक थांबायचे त्याचं ते नाव, म्हणजे आपल्याकडची ओसरी समजा. बाईंचा भारताशीही संबंध आहे बरं का, १९३९ ला त्या मद्रासला अड्यारला आल्या आणि महायुद्धामुळे इथेच अडकल्या, युद्ध संपेपर्यंत आपल्या लोकांना शिकवत राहिल्या.

आता तुमच्या दोन हजारांचं. घाबरू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बिया, पानं, शंख, खडे यांचीच साधनं केली, महागडं लाकडी सामान घेऊन बसल्या नाहीत. तुम्हीही तेच करा. एका वर्षात चारच साधनं करा. चार म्हणजे चारच. पहिलं मेंढपाळ. एक गोल वाडा, त्याला एक उघडं दार, दहा मेंढरं, एक मेंढपाळ. प्लायचे सपाट कापून खाली पट्टी चिकटवली की उभे राहतात. तुम्ही चटईवर बसायचं, योहानाच्या शुभवर्तमानातल्या १० व्या अध्यायाच्या, म्हणजे येशू स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हणतो त्या भागाच्या, थोड्याच ओळी सावकाश म्हणायच्या, म्हणता म्हणता मेंढपाळ पुढे आणि मेंढरं एकेक करून त्याच्या मागे सरकवायची. लांडगा आणि मजुरीवरचा मेंढपाळ या वयाला नको, ते सहाच्या पुढे. झालं की साधन मुलाच्या हातात द्यायचं आणि तुम्ही मागे सरकायचं.

आणि आता सगळ्यात अवघड गोष्ट. "ही मेंढरं म्हणजे कोण माहितीये? तुम्ही!" हे वाक्य अजिबात बोलायचं नाही. कितीही जिभेवर आलं तरी गिळायचं. ते पोराने स्वतः ओळखायचं असतं, कुणाला दोन आठवडे लागतील कुणाला दोन वर्षं. आपण सांगून टाकलं की ते आपलं होतं, त्याचं राहत नाही.

जुना_गुरुजी_सिन्नर

ताई, मी एकतीस वर्षं संडे स्कूल घेतलंय, आता गुडघ्यांमुळे बंद. वरच्या बाईंनी लिहिलंय ते चांगलंच आहे पण वचन पाठ करण्याला तुम्ही लोक अगदीच टाकाऊ समजू नका एवढीच विनंती. मला वयाच्या चौथ्या वर्षी आजीने तेविसावं स्तोत्र पाठ करून घेतलं होतं, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे", अर्थ काय कप्पाळ कळत होता, पण बायको गेली त्या रात्री दुसरं काही सुचत नव्हतं तेव्हा तेच तोंडात आलं. तर पाठांतराने काही होत नाही असं नाही. फक्त घोकून घेऊ नका, चालीत घ्या. आपल्या रेव्हरंड टिळकांनी अभंग आणि ओव्यांमध्ये भजनं लिहिली ती काय उगीच, मराठी माणसाच्या कानाला जी चाल सवयीची त्यात शब्द आपोआप बसतात. आमच्याकडे छोटी पोरं झांजा घेऊन बसायची, झांज हेही हाताने करायचं कामच झालं की.

आणि शरणपूर म्हणालात म्हणून, तुमच्या त्या शरणपुरातच दीडशे वर्षांपूर्वी मिशनने गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं ठेवली होती आणि त्यांना अक्षरओळख आणि बायबलसोबत सुतारकाम लोहारकाम शिकवायचे. त्यातलाच जेकब वेनराइट हा आफ्रिकेत फिरणाऱ्या मिशनरी डॉ. लिव्हिंग्स्टनचा मृतदेह घेऊन १८७४ ला थेट इंग्लंडपर्यंत गेला. हाताने शिकवणं नाशिकला नवं नाही हो, आपणच मधे कधीतरी झेरॉक्सच्या नादी लागलो.

थॉमसचा_भाऊ

मी थोडा उलटा बोलणार आहे, राग मानू नका. माझी मुलगी चार वर्षांची आहे, रविवारी मी तिला चर्चला का नेतो, तर देवाचं वचन कळावं म्हणून, बाहुल्या खेळायला नाही, त्या घरी ढीगभर आहेत. आणि दुसरा मुद्दा, मेंढपाळाची बाहुली करून तिच्यापुढे मुलांना बसवणार, वर मेणबत्ती लावणार, ही मूर्तीच झाली ना मग? आमच्या घरातली जुनी मंडळी यावर फार कडक होती आणि मला त्यांचं पटतं. तिसरं, शिक्षक काही सांगणारच नाही तर चुकीचा अर्थ काढला पोरांनी तर?

शरणपूरची_ताई

@थॉमसचा_भाऊ दादा राग कसला, आमच्या कमिटीतही एकांनी अगदी हेच विचारलं. मूर्तीचा मुद्दा माझ्याही मनात आला होता. कुणी उत्तर द्या प्लीज.

बालवाडीवाली

दादा, प्रश्न बरोबर आहे. माझं उत्तर असं की ज्या वस्तूपुढे आपण बसतो ती मूर्ती, आणि जी वस्तू आपण उचलतो, सरकवतो, पडली तर परत उभी करतो आणि शेवटी डब्यात टाकून झाकण लावतो ते साधन. नकाशासारखं. येरुशलेमचा नकाशा भिंतीवर लावला तर कुणी त्याला नमस्कार करत नाही. तरी खटकत असेल तर मेंढपाळाला चेहरा काढू नका, नुसता आकार ठेवा, मुलांचं काही अडत नाही. मेणबत्ती त्या मेंढपाळापुढे लावायची नाही, ती प्रार्थनेच्या वेळी वेगळ्या टेबलावर, उघडलेल्या बायबलशेजारी.

चुकीच्या अर्थाचं म्हणाल तर शिक्षक गप्प म्हणजे शिक्षक गायब नाही. वचन तुम्हीच वाचताय, जसंच्या तसं, पदरचं काही न घालता. मग प्रश्न विचारायचे, पण ज्यांचं उत्तर तुम्हाला आधीच माहितीये असले परीक्षेचे नाही. "मला बाई प्रश्न पडलाय, या मेंढरांना त्याचा आवाज कसा कळत असेल?" एवढंच. अमेरिकेत जेरोम बेरीमन म्हणून एपिस्कोपल पंथाचे पाळक होते, त्यांनी कावाल्लेत्तींकडूनच घेऊन गॉडली प्ले नावाची पद्धत बसवली, त्यात तर सगळा भर या प्रश्न पडण्यावरच आहे. त्यांच्याकडे दाखले, म्हणजे येशूने सांगितलेल्या छोट्या गोष्टी, सोनेरी खोक्यात ठेवतात, कारण दाखला ही भेट आहे आणि भेटीला झाकण असतं. आणि वाळवंटाच्या गोष्टींसाठी वाळूची मोठी पेटी. वाळूची पेटी मात्र तुम्ही करू नका ताई, महिला मंडळ तुम्हाला सोडणार नाही.

जेलरोड_मरीना

जय ख्रिस्त ताई. आम्ही कॅथलिक, नाशिकरोडला, त्यामुळे आमच्याकडे थोडं वेगळं चालतं पण तुम्हाला उपयोग होईल म्हणून लिहिते. आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात सिस्टरांनी मिस्साच्या, म्हणजे आमच्या उपासनेच्या, सगळ्या वस्तू छोट्या आकारात ठेवल्यात, छोटा चषक, छोटी तबकडी, वेदीचं कापड, क्रूस, दोन मेणबत्त्या, आणि मुलं एकेक नाव घेऊन ती लहान टेबलावर मांडतात. बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत केवढी गर्दी असते तुम्हाला माहितीच आहे, एरवी त्या गर्दीत मुलांना वेदी म्हणजे लांबवर काहीतरी चकाकणारं एवढंच दिसतं. या वर्गातला माझा मुलगा यंदा माझ्या खांद्यावर बसून ओरडला "आई तबकडी!!!" आजूबाजूचे सगळे वळून बघायला लागले.

वस्तू कुठून तर भांडी बाजारातून. भातुकलीची पितळेची भांडी मिळतात ना तिथेच बघा, छोटा पेला, छोटी ताटली, छोटी समई सुद्धा. दुकानदाराला सांगू नका चर्चसाठी म्हणून, भातुकलीचा भाव भातुकलीचाच राहू द्या 😄 आणि हो, महिन्यातून एकदा ती भांडी मुलांनाच चिंच आणि मीठ लावून घासायला द्या. खाली जुनं टॉवेल अंथरा. आमच्याकडे सगळ्यात दंगेखोर पोरगा हे काम अर्धा अर्धा तास करतो आणि त्यानंतर प्रार्थनेला असा बसतो की त्याच्या आईला खरं वाटत नाही.

रंगांचंही एक सोपं काम आहे. नाताळच्या आधीचा आगमन काळ आणि ईस्टरच्या आधीचा उपवास काळ जांभळा, नाताळ आणि ईस्टर पांढरा, ईस्टरनंतरचा पेन्टेकॉस्टचा सण लाल, आणि बाकीचं सगळं वर्ष हिरवं. लाकडाचे ठोकळे या चार रंगांत रंगवायचे, आठवड्याला एक ठोकळा, आणि गोल मांडायचे. एकूण किती हिरवे आहेत हे बघून मुलं चकित होतात. सणापेक्षा साधेच दिवस जास्त, हे तिथे नुसतं दिसतं, सांगावं लागत नाही.

एक सावधगिरी. मौल्यवान मोत्याचा दाखला घेताना मोठा मोती घ्या, मोठा म्हणजे बोरापेक्षा मोठा. आमच्या इथे एका तीन वर्षांच्या बाळाने मण्याचा मोती नाकात घातला होता. व्यापाऱ्याने सगळं विकून मोती घेतला आणि आम्ही मिस्सा सोडून रिक्षा घेतली. निघाला डॉक्टरांकडे, चिमट्याने, पण त्या दिवसापासून मोती बोराएवढा.

थॉमसचा_भाऊ

मोत्यावर हसलो, क्षमा करा. बरं साधनाचं उत्तर अर्धं पटलं. चेहरा न काढण्याचं पूर्ण पटलं.

जुना_गुरुजी_सिन्नर

मोहरीच्या दाण्याविषयी एक, तोच दाखला की देवाचं राज्य मोहरीच्या दाण्यासारखं, इवलासा दाणा वाढून झाड होतो आणि पाखरं येऊन बसतात. आपल्या डब्यातली मोहरी मुलांच्या बोटावर एकेक ठेवा आणि काही बोलू नका, ते मिनिटभर बघत बसतात, हे मी सुद्धा करायचो. पण कापसात उगवायला घालू नका, कापसात ती हातभर लांब पिवळी होऊन मरते आणि देवाचं राज्य पण असंच लोळलं असं पोरांना वाटायचं. कुंडीत माती घालून पेरा, तीन-चार दिवसांत वर येते. आणि पोरं विचारणारच की हिच्यावर पाखरं कशी बसणार, आपली मोहरी केवढीशी असते. तर गालीलकडे जी काळी मोहरी होते ती माणसाच्या डोक्यावरून जाते, हे सांगायला हरकत नाही, ते काही गुपित नाही.

खमिराचं, म्हणजे पीठ फुगवणाऱ्या खमिरासारखं स्वर्गाचं राज्य या दाखल्याचं, पण सोपं आहे. दोन वाट्या पीठ, एकात यीस्ट, एकात नाही, दोन्ही ओल्या फडक्याखाली. गाणी म्हणून या, प्रार्थना करून या, मग फडकं उचला. आमच्या वेळी यीस्ट मिळायचं नाही तर मी विरजणाचं उदाहरण द्यायचो, मुलांना विरजण लगेच कळतं कारण घरी आजी रोज लावते. पण एकदा एक पोरगी म्हणाली गुरुजी मग स्वर्गाचं राज्य आंबट असतं का. तेव्हापासून पीठच.

द्राक्षवाला_निफाड

मी काही शिक्षक बिक्षक नाही, तीन एकर थॉमसन द्राक्षं आहेत, आणि चर्चला महिन्यातून दोनदा जमलं तर येतो. पण इतके जण मेंढरं मोहरी करतायत आणि नाशकात बसून द्राक्षवेलाचं कुणी नाव काढत नाही म्हणून राहवलं नाही. योहान पंधरा. येशू म्हणतो "मी द्राक्षवेल आहे", आणि फळ देणारा फाटा बाप साफ करतो. अहो हा दाखला तर आपल्या बांधावर उभा आहे की.

पोरांना ऑक्टोबर छाटणीला बागेत आणा. त्यांना दाखवा की हे खोड, हे ओलांडे, आणि या काड्या, घड येतात ते काडीच्या डोळ्यातून, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेतून. एप्रिलला खरड छाटणी करतो तेव्हा काडी तयार होते आणि ऑक्टोबरला फळासाठी छाटतो, म्हणजे वर्षातून दोनदा कात्री लागते. चांगली हिरवीगार काडी आम्ही कापतो तेव्हा शहरातली माणसं हळहळतात, त्यांना वाटतं कापली म्हणजे मोडली. पण न छाटलेल्या बागेला पानं येतात नुसती. बापाने साफसूफ केली म्हणजे काय ते इथे कळतं. प्रत्येक पोराला छाटलेली एक काडी द्या घरी न्यायला, आणि एका काडीला फीत बांधा जी वेलावरच राहील. आठ-दहा दिवसांनी परत आणलंत तर वेलावरच्या काडीचे डोळे फुगलेले असतील आणि घरची काडी चुलीत घालायच्या लायकीची. मग तुम्ही गप्प बसा, बालवाडीवाल्या ताई म्हणतात तसं.

फक्त एक अट, आणि ही माझी अट आहे. छाटणीनंतर डोळ्यांना आम्ही हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतो, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून. ती विषारी आहे, अंगाला लागली तर वाईट. तेव्हा कुठल्याही बागेत परस्पर पोरं घुसवू नका, बागवाल्याला आधी विचारा पेस्ट झाली का. छाटणी चालू असताना, पेस्टच्या आधी या, आणि दुसऱ्या फेरीला लांबून बघा, हात लावू नका. माझ्याकडे आलात तर मी दोन ओळी तशाच ठेवीन बिनपेस्टच्या, उशिरा फुटतील, पण चालेल.

बालवाडीवाली

@द्राक्षवाला_निफाड दादा तुम्ही शिक्षक नाही असं परत म्हणू नका. खरा द्राक्षवेल एट्रियममध्ये सहाच्या पुढच्या मुलांना देतात, ताईंच्या दोन मोठ्या मुलींना अगदी योग्य. छोटे आले तर येऊ देत, मातीत खेळतील.

ताई, हॉलचं राहिलं होतं. एक पत्र्याची ट्रंक घ्या, त्यात प्रत्येक साधनाचा वेगळा ट्रे. एका मुलाने एक ट्रे आणि एक छोटी चटई घ्यायची, काम झालं की स्वतः परत ठेवायचं. हे जे आणणं आणि ठेवणं आहे ना तेच निम्मं शिक्षण आहे. पहिले दोन-तीन रविवार तर फक्त तेच करा, चटई गुंडाळणं, तांब्यातून पेल्यात पाणी ओतणं, मेणबत्ती विझवणं. कमिटी विचारेल धर्मशिक्षण कुठंय, तर म्हणावं चालू झालंय.

शरणपूरची_ताई

सव्वा महिना झाला, अपडेट देते, उशिराबद्दल सॉरी, बँकेत क्लोजिंग होतं.

मेंढरं मी प्लायची नाही केली. पोळ्याच्या आधी मातीचे बैल करणाऱ्या एका कुंभारकाकांना विचारलं मेंढरं कराल का, म्हणाले बैलाची शिंगं काढली की मेंढरू, त्यात काय. दहा केली, अकरावं फुकट दिलं. मेंढरांपेक्षा ती मांजरं वाटतात थोडी. वाडा प्लायचा, नवऱ्याने केला, त्याला बिजागरीचं दार, त्याला त्या दाराचं फार कौतुक. मेंढपाळ बिनचेहऱ्याचा, कमिटी खूश. भातुकली भांडी बाजारातून, ट्रंक सासूबाईंची. एकूण खर्च सतराशे साठ.

पहिले दोन रविवार नुसतं पाणी ओतलं. हॉल ओला, महिला मंडळ नाराज. तिसऱ्या रविवारी मेंढपाळ. मी वाचलं, मेंढरं सरकवली, माझे हात थरथरत होते, का कोण जाणे. मग एकेकाच्या हातात दिलं. पहिल्या तिघांनी मेंढरांची रेल्वे केली. एकीने सगळ्यांना ओळीत झोपवलं आणि पांघरूण म्हणून माझी ओढणी मागितली. मला वाटलं संपलं, थॉमसभाऊ जिंकले.

मग तो पाच वर्षांचा. फार बोलत नाही हा मुलगा, आजोबांची शेती सिन्नरकडे आहे. त्याने मेंढरं आत घेतली, एक एक मोजून. दार लावलं. मग बघत बसला. मग दार उघडलं, आणि नवऱ्याने एवढ्या हौसेने केलेलं ते दार त्याने बिजागरीतून उचकटून काढलं आणि बाजूला ठेवून दिलं. मी तोंड उघडणार होते, "अरे मोडू नको", पण ओठ चावला. त्याने मेंढपाळ उचलला आणि जिथे दार होतं त्या फटीत आडवा ठेवला. झोपवला. म्हणाला "आता लावलं".

माझ्या जिभेवर आलं होतं बरं का सगळं, योहान दहा सात, "मेंढरांचे दार मी आहे", ते मी त्या दिवशी वाचलंच नव्हतं, वर लांडगा नको म्हणून तेवढा भाग गाळला होता त्यात तेही गळलं. काही बोलले नाही. त्याला कुठून सुचलं असेल?

द्राक्षवाला_निफाड

ताई त्याने बघितलेलं असणार. सिन्नरच्या बाजूला धनगर मेंढरं बसवतात शेतात, खतासाठी, शेतकरी स्वतः बोलावतो. रात्री वाघर लावतात, म्हणजे जाळीचं कुंपण, त्याला दार बीर काही नसतं, जाळी जिथे जोडतात तिथे घोंगडी टाकून माणूसच आडवा होतो. मी लहानपणी त्यांच्याबरोबर झोपलोय, चांदणं आणि मेंढरांचा वास, आई दुसऱ्या दिवशी कपडे अंगणात काढायला लावायची.

थॉमसचा_भाऊ

ताई, बाहेरच्या माणसाला तुमच्या वर्गात चालतं का? मुलगी चार वर्षांची आहे हे सांगितलंच होतं. मी मागे बसेन, काही बोलणार नाही.

शरणपूरची_ताई

या ना दादा, साडेनऊला. फक्त येताना दोन इंची बिजागरी आणा, नवरा रुसलाय, दार परत लावून मागतोय.

बालवाडीवाली

दार लावू नका हो!! निदान त्या मुलाचं होईपर्यंत तरी.